सगुणासाठी स्थळ पाहिजे

गॅरेज विकायला काढलं तेव्हा नानाभाऊंनी सगळ्यात आधी काय केलं, तर हवेच्या टाकीला साडी नेसवली.

हिरवी साडी, बारीक जरीचा काठ. नानांची बायको, आमच्या वहिनी, वारल्या, त्यांच्या पेटीतली. मी सकाळी स्टोव्हला पंप मारत होते, तर आतून हाक आली, अक्का, जरा ये ना. गेले. टाकी ती आडवी, म्हशीसारखी चार पायांवर उभी, वर मोटार आणि पट्टा. नाना एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून तिच्याभोवती फिरत होते. मला म्हणाले, पदर पट्ट्यात जायला नको, कासोटा घालावा का?

मी म्हटलं, "आधी तिचं डोकं कुठं आणि पाय कुठं ते सांगा."

नाना थांबले. खरंच विचारात पडले. मग हवेच्या मीटरवर बोट ठेवून म्हणाले, "हे तोंड."

आडव्या बाईला साडी कशी नेसवायची हे मला जन्मात कोणी शिकवलं नव्हतं, पण नेसवली. मीटरच्या वर कुंकू लावलं. तेवढ्यात एक ट्रकवाला हवा भरायला आला, तो दारातच थांबला, हात जोडले, आणि पूजा झाली की येतो म्हणून निघून गेला.

नानाभाऊ म्हणजे आमच्या फाट्यावरचे गॅरेजवाले. हायवेला धरणगावचा रस्ता फुटतो तिथं त्यांची पत्र्याची मोठी शेड. हवा, पंक्चर, ग्रीसिंग, इंजिन उतरवणं, आणि एका बाजूला विकायला ठेवलेले जॅक, पाने, ग्रीसगन. माणूस उंच, वाळका, कमरेत वाकलेला, कारण अर्धा जन्म गाडीखाली गेला. टोपीच्या आत एक लहान पाना ठेवायची सवय. देवळात नमस्काराला वाकले की तो खण्णकन फरशीवर पडायचा. पुजारी म्हणायचा, नाना आले वाटतं, घंटा वाजली.

गॅरेजातल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, वस्तूंशी त्यांचं नातं होतं. वर गर्डरला चेनपुली टांगलेली, तिचं नाव मामा. लग्नात पोरीला उचलून बोहल्यावर आणतो तो मामा, मग इंजिन उचलतो तोही मामाच. एक जुना जॅक होता, तो जावई. ताठ वर जायचा, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून हळूहळू खाली बसायचा. "रुसना," म्हणजे रुसला, असं नाना म्हणायचे, आणि त्याला दोन थेंब तेल पाजायचे.

आणि हवेची टाकी म्हणजे सगुणा. वहिनींना मुलगी हवी होती, नावही ठरवून ठेवलं होतं. झाला मुलगा. मग काही वर्षांनी ही टाकी आली, तेव्हा वहिनींनी भाकरतुकडा ओवाळला आणि म्हणाल्या, ही घ्या तुमची सगुणा. त्या गमतीत म्हणाल्या. नानांनी ते गमतीत घेतलं नाही.

सगुणा चालू झाली की धड धड धड असा आवाज, अख्ख्या फाट्याला ओरडून बोलावं लागायचं. हवा पुरी भरली की आपली आपण बंद व्हायची, फुस्स करून. तसे नाना ओठावर बोट ठेवायचे. "झोपनी." मग बठ्ठ्यांनी हळू बोलायचं. दांडगे ड्रायव्हर लोक, शिवी दिल्याशिवाय पाणी न पिणारे, ते माझ्याजवळ येऊन कानात सांगायचे, आजी, दोन कटिंग.

माझी चहाची टपरी त्याच शेडच्या दर्शनी कोपऱ्यात. माझा मालक ट्रकवर होता, तो गेला. मग मी जिनिंगमध्ये सरकी उपसली. कापसाने छाती भरली, ते सोडलं. केळीचे घड गाडीत भरले. खांदा गेला, तेही सोडलं. मग एक दिवस स्टोव्ह आणि पातेलं घेऊन या फाट्यावर येऊन उन्हात बसले. नाना गाडीखालून सरपटत बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सावलीत बस. दूध नासी." माझं काही म्हणाले नाहीत, दुधाचं म्हणाले. तेव्हाची मी सावलीत बसलेली आहे.

विकायचं कारण म्हणजे नानांचे हात. थरथरायला लागले होते. नटाला पाना लागेना, पान्याला नट सापडेना. मुलगा नाशिकला असतो, चांगला आहे. येऊन सांगून गेला की दिवाळी झाली की बाबा तुम्ही आमच्याकडे, आता पुरे. नाना हो म्हणाले.

आता गॅरेज गेलं की माझा कोपरा जाणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. रस्त्यावरचा दर्शनी कोपरा नवा मालक चहावालीला कशाला ठेवील? मी नानांजवळ काही काढलं नाही. त्यांचं त्यांना झालं होतं. एक दिवस मी गुपचूप पाचोऱ्याला जाऊन स्टेशनबाहेर जागा बघून आले. तिथं चहावाले असे खेटून बसलेले की एकाचं दूध उतू गेलं तर दुसऱ्याच्या पातेल्यात पडावं. परत आले. उठवलं की उठायचं, ते मला येतं. फक्त आता गुडघे विचारतात, कुठं जायचं म्हणून.

तर स्थळं यायला लागली. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, स्थळ. आलेल्या माणसाला सगुणाच्या समोर खुर्ची. नानांच्या हातचे पोहे, माझा चहा. मग नाना विचारायचे, घरात कोण कोण, संतापी कोणी आहे का, काम किती पडेल, दुपारची विश्रांती देता का. माणूस बावचळायचा. त्याला वाटायचं आपल्यालाच नोकरीला ठेवताहेत. एकाने सांगितलं, जरा चालवून तर दाखवा. नाना म्हणाले, पोरीला चालून दाखव म्हणायचे दिवस गेले भाऊ.

पाचोऱ्याहून एक पार्टवाले शेठ आले. अंगाने भरलेले, हातात मोजायची टेप. आल्या आल्या त्यांनी सगुणाला टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. नानांच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेठ म्हणाले, माल किती जुना आहे?

"मनी पोर शे ती," नाना म्हणाले, "भंगार नही."

माझी पोर म्हटल्यावर शेठना वाटलं पोर आत कुठं आहे. ते उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि आतल्या दाराकडे बघून हसले. कोणी आलं नाही. मग बसले. मी चहा पुढे केला तर हाताने बाजूला सारला, आपण बाहेरचं घेत नाही. टेप लावून पुढची बाजू मोजली आणि म्हणाले, हा कोपरा मोकळा केला की सरळ शटर ओढता येईल.

ते गेल्यावर नानांनी निकाल दिला. स्थळ नाही पसंत. का? तर म्हणे हात थंड आहेत त्या माणसाचे. मी म्हटलं, नाना, त्यांना गॅरेज घ्यायचंय, भाकरी थापायची नाही. पण नाही म्हणजे नाही.

मग दीपनगरहून एक जोडपं आलं. साहेब रिटायर झालेले, फार गोड माणसं. त्या बाईंनी तर सगुणाच्या निऱ्या विस्कटल्या होत्या त्या बसून नीट केल्या. मला वाटलं झालं, जमलं. मनातल्या मनात मी किटली फडक्यात बांधलीसुद्धा. बाई पोहे खाता खाता म्हणाल्या, या कोपऱ्यात आपण थंड पेयांचा फ्रिज ठेवू, किती छान दिसेल. नाना पोहे चावत राहिले. चावून झाल्यावर म्हणाले, "रास जुळत नही."

साहेब म्हणाले, कोणाची?

"सगुणानी मकर शे. तुमनी कोनती?"

साहेब म्हणाले, मला तर माझी रास माहीतच नाही.

"मग तर नहीच," नाना म्हणाले.

तरी ती माणसं रागावली नाहीत. बाई पोह्यांत काय घातलं ते विचारून गेल्या.

असं करता करता दिवाळी झाली. मुलाचा फोन आला. नाना त्याला सांगत होते, पोर जड झाली का तुला, विहिरीत ढकलू का तिला? मुलगाही यांचाच. त्याने जळगावच्या एका भंगारवाल्याला सांगितलं, जाऊन वजनावर बघून ये. भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. त्याने तोंड उघडलं की नाना सगुणा चालू करायचे. धड धड धड. तो ओरडायचा, नाना कानाला हात लावून काय, काय करायचे. सगुणा थांबली की तो पुन्हा सुरू करायचा, तर नाना म्हणायचे हळू, झोपली आत्ताच. शेवटी तो कंटाळला. पण जाताना सांगून गेला, तुळशीचं लग्न झालं की कटर घेऊन येतो, तुमच्या मुलाशी बोलणं झालंय.

त्या दिवशी नानांनी पोहे केले नाहीत. टोपीतला पाना काढून नुसता बघत बसले.

मी म्हटलं, "नाना, एवढं काय बघता स्थळात? शेठ होते, साहेब होते. देऊन मोकळे व्हा."

"तुले नही समजाव," ते म्हणाले. म्हणजे तुला नाही समजायचं. मी म्हटलं बरं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी धुळ्याहून एक मोटारसायकल आली. पुढं पोरगेला माणूस, मागं त्याची आई, दोघांच्या मध्ये ताकाची बरणी. नाव संजू. दुसऱ्याच्या शेडमध्ये राबून हात काळे झालेले, आता स्वतःचं काही बघत होता. नाना तेव्हा एका जीपखाली होते. म्हणाले, बसा, आलोच.

त्या दिवशी वारा होता. माझ्या स्टोव्हच्या वरचा पत्रा एका बाजूने सुटलेला, त्यातून वारा शिरायचा आणि स्टोव्ह विझायचा. मला सवय होती, मी एका हाताने ताटली आडवी धरून चहा करायची. संजूने जरा वेळ बघितलं. मग इकडंतिकडं शोधून जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, दोन वायसर घेतले, स्टुलावर चढला आणि पत्रा ठोकायला लागला.

आई खालून म्हणाली, "मेल्या, ज्यासाठी आलो ते बघ की आधी. पत्रे ठोकायला धुळ्यात नव्हते का?"

"चहा व्हायला नको का?" तो वरून म्हणाला.

जीपखाली खण्णकन आवाज झाला. नानांचा पाना पडला होता. ते उताणे पडल्या पडल्या इकडंच बघत होते.

मग ते बाहेर आले, हात धुतले, सगुणाचा पदर सारखा केला. संजूने साडीकडे बघितलं, आईकडे बघितलं, पण हसला नाही. चपला काढल्या. तळहात टाकीवर ठेवला आणि चालू करा म्हणाला. ऐकून म्हणाला, पट्टा जरा सैल आहे.

"लाडकी शे," नाना म्हणाले. चेहरा असा फुलला की त्यांना दात किती कमी आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

बोलणी सुरू झाली. पैशाचं मी ऐकलं नाही, तो माझा विषय नाही. संजूने विचारलं, बरोबर काय काय येणार? नाना सांगत गेले. मामा येणार. जावई येणार, पण त्याला टोचून बोलायचं नाही. पाने, ग्रीसगन, भिंतीवरचा आरसा.

"आणि पाठराखीण," नाना म्हणाले.

"ती कोण?"

नानांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

मी ग्लासात चहा गाळत होते. ग्लास भरला, तरी मी गाळतच राहिले.

संजू गोंधळला, पण त्याची आई जुन्या वळणाची, तिला रीत ठाऊक. नवरीबरोबर माहेरची एक बाई जाते, नवरीला करमावं म्हणून. चार दिवस राहते आणि परत येते. आई म्हणाली, "पाठराखीण परत पाठवतात भाऊ. ही किती दिवस राहणार?"

नाना टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "मनी पोर नादान शे, माय. तिले रमाले वेळ लागी. अक्का हयात शे तवर राही."

सगुणा तेवढी चालू होती. संजूच्या आईने सगुणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, वरून खाली. म्हणाली, "राहू दे. पण सासरी बसून खायला नाही मिळायचं हो, सांगून ठेवते. सकाळचा चहा हिनेच करायचा."

"साखर कमी की जास्त?" मी विचारलं.

तेव्हा मला कळलं की शेठच्या हातांत काय थंड होतं आणि साहेबांची रास कोणाशी जुळत नव्हती. मी सांडलेला चहा पुसला.

दुसऱ्या दिवशी तिकडं देवळात तुळशीचं लग्न लागलं आणि इकडं सगुणाचं. दाराला केळीचे खांब. टाकीला हळद. त्या दिवशी हवा भरून गेलेल्या बठ्ठ्या मोटारसायकली पिवळ्या होऊन गेल्या. अंतरपाट म्हणून नानांचा पंचा, एक टोक माझ्या हातात, दुसरं एका केळीच्या ट्रकवाल्याच्या. कागद करायला आलेले वकील मंगलाष्टकं म्हणाले, त्यांना दोनच येत होती, तीच फिरवून फिरवून म्हटली. कागदात त्यांनी हवेची टाकी, एक नग असं लिहिलं, त्यावरून नाना रुसले. पोरीला नग म्हणतात का? मग वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाऊन बठ्ठे शांत झाले. भंगारवालाही कटर घेऊन आला होता. त्याला पंगतीत बसवलं. तो चार बट्ट्या खाऊन, आहेर काय करू विचारून गेला.

पाठवणीच्या वेळी मात्र घोळ झाला. पोर कुठं जातच नव्हती. ती तिथंच राहणार, मामा तिथंच, पाठराखीण तिथंच. जाणार होता तो बाप. नाशिकची एसटी उभी राहिली आणि नाना पिशवी घेऊन मध्येच थांबले, कोणाच्या पाया पडावं ते त्यांना सुचेना. संजूची आई पुढं झाली. म्हणाली, ओटी जाणाऱ्याची भरायची असते. नानांची टोपी उलटी धरायला लावली, तिच्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. नाना तशीच टोपी पोटाशी धरून बसमध्ये चढले. कंडक्टरने सीट रिकामी करून दिली, त्याला वाटलं असेल देवाचं काही आहे.

मग रोज दुपारी फोन यायला लागला. अक्का, तिच्याजवळ धर. मी फोन टाकीजवळ धरायची. धड धड धड. एक दिवस माझा हात भरून आला, फोन कानाला लावला, तर तिकडून घोरणं ऐकू येत होतं. सूनबाईने सांगितलं, इथं फार शांत आहे ना, त्यांना झोपच लागत नाही. तेव्हापासून मी फोन टाकीवर ठेवून देते आणि माझं काम करते. संजू गिऱ्हाइकाला सांगतो, हळू बोला, आजोबा झोपलेत. गिऱ्हाईक बाजेखाली बघतं.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, भाऊ नाहीतर बाप न्यायला येतो, झाडाला झोके बांधतात. माझा भाऊ होता तवर यायचा. पुढं कोणी नव्हतं, म्हणून आखाजीला मी टपरी उघडी ठेवायची. धंदा बरा होतो त्या दिवशी, प्रत्येक बाई हसत चहा पिते.

तर आखाजीच्या सकाळी बसमधून नाना उतरले. नवा सदरा, पिशवीत आंबे आणि सांजोऱ्या. संजूला म्हणाले, पोरीला न्यायला आलो.

संजू म्हणाला, "आबा, फाउंडेशन भरलंय तिचं, सिमेंटात. नेता कशी?"

नानांनी खाली बघितलं, सिमेंटावर पाय आपटून बघितला. म्हणाले, पक्कं केलं पोरा, चांगलं केलं. मग वर मामाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

काय सांगू तुम्हाला. चेनपुलीच्या हुकाला दोरखंड, त्याला ट्रकची फळी, आणि त्यावर या वयात मी. मी म्हणत होते, नाना, हाडं मोडतील माझी. ते म्हणाले, मामाने ट्रकची इंजिनं उचललीत, तुझं काय वजन. थरथरत्या हातांनी त्यांनी हुक बघितला, दोनदा ओढून बघितला. संजूच्या आईने मागून झोका दिला. मी गेले ते पार हायवेवरचे ट्रक दिसेपर्यंत. एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मीही हात केला.

नाना सगुणाला पाठ टेकून खाली बसले होते. ती चालू होती. हवा भरली, आणि फुस्स करून बंद झाली. नाना हळूच म्हणाले, "झोपनी." टोपी डोळ्यांवर ओढली.

मी झोक्यावरून उतरून बघितलं, तर ते झोपलेले, घोरत. तोंड उघडं, हातात अर्धी सांजोरी.

संध्याकाळी नाशिकची एसटी आली. कंडक्टर खिडकीतून डोकावून म्हणाला, काय आजी, नाना आहेत ना जायला? मी ओठावर बोट ठेवलं आणि हाताने त्याला पुढं जायला सांगितलं.